‘ओपन आणि फेअर’ म्हणजे नेमकं काय? स्कूल बोर्डाच्या उमेदवाराचं पत्रक कसं वाचायचं

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी बेल वाजली, बघते तर पलीकडच्या रस्त्यावर राहणाऱ्या एक बाई हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, नोव्हेंबरात स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहतेय, दोन मिनिटं आहेत का. पत्रकावर ठळक अक्षरात पाच गोष्टी छापलेल्या: पारदर्शक कारभार, उत्तरदायित्व, सगळ्या मुलांना समान न्याय, पालकांचं ऐकणं आणि टॅक्सच्या पैशांचा नीट वापर. मी पत्रक घेतलं, फ्रिजवर लावलं, आणि संध्याकाळी भाजी चिरताना सारखी त्याच्याकडे नजर जात होती, कारण या पाचातल्या एकाही गोष्टीला कोणी नाही म्हणेल का? दुसऱ्या उमेदवाराच्या पत्रकावरही हेच असणार. मग मत कशावरून द्यायचं?

न्यू जर्सीत आपली मराठी माणसं भरपूर आहेत, आणि घर घेताना आपण पहिलं काय बघतो तर स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा ज्याच्या अखत्यारीत येतात तो विभाग. शाळेचं रेटिंग बघून दोन बेडरूम कमी चालतील म्हणतो पण टाऊन तेच हवं. आणि एकदा राहायला आलो की ती शाळा कोण चालवतं, पैसे कुठून येतात, निर्णय कुठल्या खोलीत होतात याच्याकडे वर्षानुवर्षं बघत नाही. मीसुद्धा बघत नव्हते, ते का बघायला लागले ते पुढे सांगते. गेली तीन वर्षं मी बोर्डाच्या मीटिंगांना जातेय, त्यातून जे कळलं ते इथे सोप्या भाषेत लिहितेय, कारण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर ऑक्टोबरात तोच प्रश्न येतो, ‘स्कूल बोर्डाला कोणाला द्यायचं, कोणी सांगा रे’.

आपल्याला ‘बोर्ड’ म्हटलं की एसएससी बोर्ड नाहीतर सीबीएसई आठवतं, म्हणजे परीक्षा घेणारं, मार्कशीट देणारं. इथलं बोर्ड ते नाही. न्यू जर्सीत जवळजवळ ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, बहुतेक एकेका टाऊनचा एकेक, आणि जवळपास प्रत्येकाचं स्वतःचं बोर्ड. बहुतेक ठिकाणी नऊ मेंबर, मुदत तीन वर्षांची, आणि दरवर्षी साधारण तीन जागांची निवडणूक, म्हणजे सगळं बोर्ड एकदम बदलत नाही. पगार नाही, मानधन नाही, बॅलटवर पक्षाचं नावही नाही. घरच्या भाषेत सांगायचं तर जिल्हा परिषदेची शिक्षण समिती समजा, फक्त एका टाऊनपुरती, आणि तिच्या हातात टॅक्स किती लावायचा हे ठरवण्याचा अधिकार. तो अधिकार छोटा नाही हं. राज्यातलं प्रॉपर्टी टॅक्सचं सरासरी बिल वर्षाला १०,००० डॉलरच्या घरात गेलंय आणि त्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा शाळांकडे जातो, आणि भाड्यानं राहणाऱ्यांना वाटतं आपण भरत नाही, पण घरमालक तो भाड्यातूनच काढत असतो.

या पैशांतून बोर्ड काय करतं? सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, नेमतं, बजेट पास करतं, शिक्षकांच्या युनियनशी करार करतं, धोरणं ठरवतं, शाळेचं कॅलेंडर ठरवतं. दिवाळीची सुट्टी आपल्या मुलांना मिळते की नाही हे त्या नऊ माणसांच्या मतावर ठरतं, आणि न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी ती मिळाली ती पालक वर्षानुवर्षं मीटिंगांना जाऊन बोलत राहिले म्हणून.

पण बोर्ड शाळा चालवत नाही. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, उमेदवारांचासुद्धा. बोर्ड मेंबरांसाठी राज्याची एक आचारसंहिता आहे, २००१ पासून कायद्यातच घातलेली, तिच्यात स्वच्छ म्हटलंय की मेंबराचं काम शाळा चालवणं नाही, त्या नीट चालवल्या जातायत ना हे बघणं. आणि अधिकार एकट्या मेंबराला नाही, पूर्ण बोर्डाला आहे, म्हणून मेंबरानं स्वतःच्या नावावर कुणाला आश्वासनं द्यायची नाहीत. म्हणजे कोणी दारात येऊन म्हणालं की मी निवडून आले तर अमुक शाळेचा प्रिन्सिपल बदलते किंवा तुमच्या मुलाला तमुक वर्गात घालून देते, तर त्या माणसाला आपलं काम काय तेच कळलेलं नाही. मेंबराकडे नवातलं एक मत असतं आणि प्रश्न विचारायचा हक्क असतो, बास.

आता ‘पारदर्शक’ या शब्दाकडे येऊ. हा शब्द स्वभावाचं वर्णन असल्यासारखा वापरला जातो, म्हणजे ही बाई मोकळी आहे, प्रामाणिक आहे, म्हणून कारभार पारदर्शक होणार. मला तसं वाटत नाही. फार चांगल्या, प्रामाणिक माणसांनी भरलेलं बोर्डसुद्धा बंद दाराआड काम करू शकतं, वाईट हेतू काहीही नसताना, नुसत्या सवयीनं. पारदर्शकता असते ती बारक्या बारक्या रीतींमध्ये, अजेंडा कधी येतो, त्याच्यासोबत कागद असतात का, कुठली गोष्ट कुठल्या गठ्ठ्यात मतदानाला जाते. आणि हे मला कसं कळलं तर आमच्या मुलाच्या बसवरून.

आम्ही तेव्हा हायवेला लागून असलेल्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये भाड्यानं राहत होतो. मुलगा दुसरीत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पत्र आलं की तुमच्या पत्त्यासाठी आता बस नाही. न्यू जर्सीचा कायदा असा आहे की आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल, किंवा हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांहून, तर बस द्यावीच लागते. त्याच्या आत घर असेल तर बस देणं डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर, तिला कर्टसी बस म्हणतात. आमचं घर दीड मैलावर. पण तो दीड मैल म्हणजे चार लेनचा रस्ता, मध्ये एक एक्झिट रॅम्प, आणि जवळपास अर्ध्या वाटेत फुटपाथच नाही. सात वर्षांचं पोर तिथून चालत कसं जाणार? मी ऑफिसात फोन केला तर पलीकडून अगदी शांतपणे सांगितलं की हे मे महिन्यातच बोर्डानं मंजूर केलंय, पब्लिक मीटिंगमध्ये, तुम्ही यायला हवं होतं.

मग मी वेबसाइटवर मेचा अजेंडा शोधून काढला. सत्तरच्या वर पानं. त्यात ट्रान्सपोर्टेशनच्या खाली एक ओळ, की पुढच्या वर्षीचे रूट जोडपत्राप्रमाणे मंजूर करावेत. जोडपत्र वेबसाइटवर नव्हतंच. आणि ती ओळ होती कन्सेंट अजेंड्यात. कन्सेंट अजेंडा म्हणजे ज्या गोष्टींवर वाद नाही असं धरलं जातं त्या तीस-चाळीस गोष्टींचा एक गठ्ठा करून एकाच मतात पास करायचा, त्यात शिक्षकांच्या रजा, फील्ड ट्रिपा, खडूफळ्याची बिलं, आणि त्यातच आमच्या कॉम्प्लेक्समधल्या मुलांची बस. मीटिंगचं रेकॉर्डिंग बघितलं, तो पूर्ण गठ्ठा दीड मिनिटात पास झाला, एकानंही एक प्रश्न विचारला नाही. कोणी कट केला नव्हता हो, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही मात्र सप्टेंबरात जाऊन बोंब मारतोय, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

तिथपासून मी कायदा वाचायला लागले. न्यू जर्सीत ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्ट आहे, १९७५ चा, लोक त्याला सनशाइन लॉ म्हणतात. त्यात मीटिंगची सूचना ४८ तास आधी द्यावी लागते, तारीख, वेळ, जागा, आणि अजेंडा ‘जितका माहीत असेल तितका’. हे शेवटचे शब्द नीट बघा, त्यांचा अर्थ असा की मीटिंग सुरू झाल्यावरही नवीन विषय घालता येतो. आणि अजेंड्याची जोडपत्रं आधी लोकांसमोर ठेवायलाच हवीत असं कायदा म्हणत नाही. मिडलँड पार्क नावाच्या गावातल्या एका रहिवाशानं याच मुद्द्यावर बोर्डावर केस केली होती, २०१५ मध्ये अपील कोर्टानं निकाल दिला की जोडपत्रं आधी पोस्ट करायची सक्ती या कायद्यात नाही. म्हणजे आमच्या डिस्ट्रिक्टनं कायद्याप्रमाणे काही चुकीचं केलेलं नव्हतं. मला ही गोष्ट पचायला वेळ लागला पण सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. कायदा फक्त खालची पायरी सांगतो. त्याच्या वर किती चढायचं हे बोर्ड स्वतः ठरवतं, स्वतःच्या धोरणानं, आणि तिथेच उमेदवाराचा उपयोग असतो.

म्हणून ‘मी पारदर्शक कारभार करीन’ असं कोणी म्हटलं की मी विचारते, अजेंडा किती दिवस आधी? ४८ तासांऐवजी पाच-सहा दिवस आधी, जोडपत्रांसकट, असं धोरण करायला तुम्ही मागे लागाल का? कन्सेंट अजेंड्यातली एखादी ओळ बाहेर काढून वेगळ्या मताला टाकायला सांगाल का? हे कुठलाही मेंबर करू शकतो, त्याला बहुमत लागत नाही, नुसतं हात वर करून म्हणायचं की हा विषय वेगळा घ्या, बहुतेक बोर्डांमध्ये तशी रीत आहे. त्या मे महिन्यात एकानं हात वर केला असता तर निदान कोणीतरी विचारलं असतं, की या रूटमधून कोणाला वगळलंय?

पारदर्शकता तपासायची दुसरी जागा म्हणजे क्लोज्ड सेशन. बोर्डाला काही विषय बंद खोलीत बोलायची मुभा आहे, कायद्यात असे नऊ प्रकार मोजून दिलेत, कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचे विषय, कोर्टकेस, युनियनशी वाटाघाटी, जागा खरेदी, सुरक्षा, कुणाची खाजगी माहिती असे. हे योग्यच आहे, एखाद्या मुलाच्या शिस्तीचा विषय भर सभेत काढू नये, आणि शाळेसाठी जमीन घ्यायचीय तर आपण किती द्यायला तयार आहोत हे विकणाऱ्याला आधी कळू नये. पण आत जायच्या आधी बाहेर, लोकांसमोर, ठराव वाचावा लागतो की कुठल्या प्रकारचा विषय आहे आणि ती माहिती साधारण कधी उघड करता येईल. बऱ्याच ठिकाणी हा ठराव छापील असतो, ‘कर्मचारी, कायदेशीर बाबी व इतर’, दर महिन्याला तोच. ‘इतर’ असा दहावा प्रकार कायद्यात कुठेही नाही! एकदा मी माइकवर जाऊन एवढंच विचारलं, की आज ‘इतर’ म्हणजे काय, तर दोन मिनिटं कुजबुज झाली आणि पुढच्या महिन्यापासून तो शब्द गेला. बोर्डाच्या वकिलांनीच काढायला लावला असणार.

झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपल्याकडे म्हणतात, पण पब्लिकच्या पैशांची मूठ झाकलेली असली की लोकांच्या मनात नको ते येतं, आत काही वावगं चाललेलं नसलं तरी. हा कायदा मोडून एखादा निर्णय घेतला तर तो उघड झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत कोर्टात जाऊन रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी आधी कळायला तर हवं.

तिसरी जागा जी कोणाला माहीतच नसते ती म्हणजे कमिट्या. नऊ मेंबरांच्या बोर्डात पाच जण जमले की कोरम होतो आणि मग ती मीटिंग कायद्यानं खुली ठेवावी लागते. चार जण जमले तर नाही. म्हणून फायनान्स कमिटी, करिक्युलम कमिटी, पॉलिसी कमिटी सगळ्या तीन-चार जणांच्या असतात, त्यांच्या बैठकांना लोकांना बोलवायची सक्ती नाही, मिनिट्सची, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्ताची, सक्ती नाही, आणि खरी चर्चा, म्हणजे ज्याला आपण काथ्याकूट म्हणतो ती, होते तिथेच. मोठ्या मीटिंगमध्ये आपण बघतो तेव्हा सगळे माना डोलावतायत असं वाटतं ते यामुळे, वाद आधीच मिटलेले असतात. आमच्या बसचा विषयही कुठल्यातरी कमिटीत झाला असणार, पण कोण काय म्हणालं याचा एक कागद नाही. काही डिस्ट्रिक्ट कमिटीचा लेखी रिपोर्ट अजेंड्याला जोडतात, काही ठिकाणी अध्यक्ष तोंडी दोन वाक्यं बोलतो, काही ठिकाणी तेवढंही नाही. माझ्या मते उमेदवाराला विचारायचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे, कमिटीची लेखी टिपणं लोकांसमोर ठेवाल का. ज्याला बोर्ड कसं चालतं हे माहीत आहे तो लगेच समजतो की तुम्ही काय विचारताय, आणि ज्याला माहीत नाही त्याचा चेहरा सांगतो.

पालकांचं ऐकणं हा पत्रकावरचा चौथा मुद्दा. शाळांच्या आणि टाऊनच्या प्रत्येक मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, किती वेळ ते बोर्ड ठरवतं, बहुतेक ठिकाणी माणशी तीन मिनिटं. आमच्याकडे लायब्ररीत मीटिंग होते, समोर यू आकाराची टेबलं, मध्ये एक माइक, आणि माइकच्या समोर घड्याळ, हिरवं, मग पिवळं, मग लाल. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा कागद हातात थरथरत होता, घरी आरशासमोर दोन मिनिटं चाळीस सेकंदात बसवलेलं बोलणं, तिथे नाव-पत्ता सांगण्यातच वीस सेकंद गेले. बोलून झालं. अध्यक्ष म्हणाले थँक यू, नेक्स्ट. मला वाटलं होतं कोणीतरी उत्तर देईल. तर तसं बंधन कायद्यात नाही, ऐकून घ्यायचं बंधन आहे, उत्तर द्यायचं नाही. काही बोर्डं शेवटी सुपरिंटेंडंटला सगळ्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरं द्यायला लावतात, काही पुढच्या मीटिंगच्या आधी लेखी उत्तरं वेबसाइटवर टाकतात. हीसुद्धा एक रीत आहे, ठरवली तर पडते. आणि बोलायची वेळ मतदानाच्या आधी आहे की नंतर हेही बघा, मत पडल्यावर माइक मिळाला तर त्याचा उपयोग काय.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते. एचवनबीवर आहात किंवा ग्रीन कार्डवर आहात, मत देता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, म्हणून बरेच जण धरून चालतात की आपला काही संबंध नाही, कशाला नसत्या फंदात पडा. पण माइकवर बोलायला नागरिकत्व लागत नाही. कागद मागायला लागत नाही. मूल शाळेत आहे, टॅक्स भरताय, तुमचा पूर्ण संबंध आहे. मी पहिल्या वर्षी बोलले तेव्हा माझ्याकडे ग्रीन कार्डच होतं.

कागद मागायचा कायदा म्हणजे ओप्रा, ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट, २००२ पासून लागू. आपला माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्यात ३० दिवस मिळतात, इथे सात कामाचे दिवस. बजेट, बिलं, करार, पगार हे तर साधारणपणे लगेच दाखवायला हवेत. एक फॉर्म भरायचा, ईमेलनं पाठवायचा, कारण सांगायची गरज नाही. मी त्यावरच ते बसचं जोडपत्र मिळवलं, पाचव्या दिवशी पीडीएफ आलं, फुकट. मात्र २०२४ मध्ये या कायद्यात बदल झाले, त्यातला एक खटकणारा म्हणजे पूर्वी कागद नाकारला, तुम्ही भांडलात आणि जिंकलात तर वकिलाची फी सरकारी ऑफिसला द्यावी लागायची, आता ती आपोआप मिळत नाही, ठराविक परिस्थितीतच मिळते. म्हणजे साध्या माणसाला भांडणं महाग झालं. म्हणूनच मला वाटतं की लोक मागतील त्याची वाट न बघता कागद आधीच वेबसाइटवर टाकणारं बोर्ड आता जास्तच हवंय.

पैशांचं थोडक्यात. डिस्ट्रिक्टचं वर्ष १ जुलै ते ३० जून. मार्चमध्ये बजेटचा कच्चा आराखडा, एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला जनसुनावणी आणि मंजुरी. २०१० मध्ये केलेल्या कायद्यानं टॅक्सची वाढ साधारण वर्षाला दोन टक्क्यांवर बांधली, थोडेफार अपवाद सोडून. आणि २०१२ पासून ज्या डिस्ट्रिक्टांनी निवडणूक एप्रिलवरून नोव्हेंबरात नेली, म्हणजे आता जवळजवळ सगळ्यांनी, तिथे बजेट त्या मर्यादेत असेल तर लोकांच्या मताला टाकावंच लागत नाही. पूर्वी लोक बजेट नाकारू शकायचे, तो ब्रेक गेला. त्यामुळे त्या सुनावणीला जाणं हीच एक संधी उरली, आणि गेल्या वर्षी आमच्याकडे त्या सुनावणीला माझ्यासकट अकरा माणसं होती. अकरा! सुपरिंटेंडंटचा करार बदलायचा किंवा वाढवायचा असेल तर तीस दिवस आधी लोकांना कळवून सुनावणी घ्यावी लागते, तेव्हाही जात जा.

आता ‘फेअर’, म्हणजे पत्रकावरचा समान न्याय. हा शब्द जास्त अवघड आहे कारण एकाला न्याय वाटतो तो दुसऱ्याला अन्याय वाटतो. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा आपल्या लोकांना चांगला माहीत असलेला डिस्ट्रिक्ट. २०१५ मध्ये तिथल्या सुपरिंटेंडंटनी मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना १६ पानी पत्र लिहिलं, हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद केल्या, आणि पालकांमध्ये उभी फूट पडली. बरेचसे आशियाई पालक म्हणत होते की आमच्या मुलांची कष्ट करून पुढे जायची वाट तुम्ही बंद करताय, बरेचसे गोरे पालक म्हणत होते की पोरांना बालपण राहिलं नाही. दोन्ही बाजूंना आपलंच मूल दिसत होतं. अशा वेळी बोर्डाचं काम दोघांना खूश करणं नसतं, ते होणारही नाही. मला वाटतं कोणाला फायदा, कोणाला तोटा हे आधी मांडणं, सगळ्यांना बोलायला वेळ देणं आणि मग का ठरवलं ते कारण लिहून ठेवणं, एवढं झालं तर हरलेला माणूससुद्धा निदान म्हणतो की माझं ऐकलं होतं.

आमच्या बसचंच बघा. दोन मैलांच्या आतले कुठले रस्ते ‘धोकादायक’ मानायचे याचं धोरण डिस्ट्रिक्टला करावं लागतं. जोडपत्र हातात आल्यावर मी नकाशा काढून बसले, तर दिसलं की आमच्यापेक्षा शाळेच्या जवळ असलेल्या एका बंगल्यांच्या वस्तीला बस आहे, कारण काही वर्षांपूर्वी तिथल्या पालकांनी मीटिंगला गर्दी करून तो रस्ता धोकादायक म्हणून लिहून घेतला होता. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांचाही रस्ता खराबच आहे. पण आमच्या कॉम्प्लेक्समधून कधी कोणी गेलंच नव्हतं, निम्मी कुटुंबं दोन-तीन वर्षांत घर घेऊन निघून जाणारी, बरीचशी व्हिसावर, काही घरात इंग्रजीची अडचण. जो मीटिंगला येतो त्याला मिळतं आणि जो येत नाही त्याला मिळत नाही, हा नियम कोणी लिहिलेला नाही पण चालतो तोच. फेअर म्हणवणाऱ्या उमेदवाराला म्हणून मी विचारते, जी माणसं मीटिंगला येत नाहीत त्यांचं तुम्हाला कसं कळणार? रस्ता धोकादायक ठरवायचे निकष लिहिलेले आहेत का, आणि ते सगळ्या वस्त्यांना दरवर्षी सारखे लावले जातात का, की तक्रार आली तरच?

आमचा विषय पुढे पाच महिने चालला, सतरा पालक आलटून पालटून बोलले, एका ताईंनी स्वतः दुसरीतल्या मुलीला घेऊन तो दीड मैल चालून फोनवर व्हिडिओ काढला, ट्रक बाजूने जातो तेव्हा ती पोरगी आईच्या कोटात तोंड लपवते, तेवढं बघून खोली गप्प झाली. फेब्रुवारीत बस परत सुरू झाली.

हितसंबंधांचंही विचारायला लाजू नका. १९९२ च्या स्कूल एथिक्स ॲक्टप्रमाणे प्रत्येक मेंबराला दरवर्षी आपले आर्थिक संबंध, नातेवाईक नोकरीत आहेत का वगैरे जाहीर करावं लागतं, ज्याच्या घरातलं कोणी त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षक आहे त्याला शिक्षकांच्या करारावर मत देता येत नाही, आणि तक्रार झाली तर राज्याचं स्कूल एथिक्स कमिशन समज देण्यापासून मेंबरपद काढून घेण्यापर्यंत शिक्षा सुचवू शकतं. नातेवाईक असणं हा दोष नाही, छोट्या टाऊनमध्ये ते असणारच. विषय निघाला की खुर्चीवरून उठून बाहेर जाणार का, एवढंच विचारायचं.

तर त्या शनिवारच्या बाईंना मी दोन आठवड्यांनी फोन केला, पत्रकावर नंबर होताच. म्हटलं चहाला या, थोडे प्रश्न आहेत. आल्या, दीड तास बसल्या. अजेंडा सहा दिवस आधी, जोडपत्रांसकट, याला लगेच हो म्हणाल्या. कन्सेंट अजेंड्यातून विषय बाहेर काढण्याबद्दल म्हणाल्या की हे मेंबर एकटा करू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि वहीत लिहून घेतलं, मला ते आवडलं. लोकांच्या प्रश्नांना लेखी उत्तर द्यायला मात्र कां कू करत होत्या, स्टाफवर किती काम पडेल याची काळजी होती, ती खोटी नाही. कमिटीच्या टिपणांचं विचारलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, वचन देऊ शकत नाही, नवातलं माझं एकच मत आहे आणि कमिट्या अध्यक्ष नेमतो, पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नव्या बोर्डाची रीऑर्गनायझेशन मीटिंग असते, अध्यक्ष निवडतात, तेव्हा मी हा ठराव मांडीन आणि प्रत्येकाचं नाव घेऊन मत नोंदवायला सांगीन, हरले तरी कोण हो म्हणालं कोण नाही ते मिनिट्समध्ये राहील.

मी त्यांना मत दिलं, नवऱ्यानंही दिलं, त्याचं नागरिकत्व त्याच उन्हाळ्यात झालं होतं आणि ते त्याचं पहिलं मत होतं. बॅलटवर स्कूल बोर्ड पार एका कडेला होतं, शोधायला लागलं. त्या निवडून आल्या, तिसऱ्या नंबरावर. जानेवारीत मी लायब्ररीत दुसऱ्या ओळीत बसले होते. शपथ झाली, अध्यक्ष निवडला, आणि त्यांनी हात वर केला. ठराव पाच विरुद्ध चार मतांनी पडला. मिनिट्समध्ये नऊच्या नऊ नावं आहेत, कोणाचं काय मत ते पुढे लिहिलेलं, मी छापून ठेवलंय, आणि त्या पाचातल्या दोघांच्या जागांची निवडणूक येत्या नोव्हेंबरात आहे.